साथ धरायला शिकताना : जॅझ गिटारच्या कॉर्ड्स आणि माझे एकोणीस महिने

८ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी नागपूरची एसटी धरली. त्या रात्री सॅक्सोफोन आणि बेस गिटारच्या (खालचे, भारी सूर देणारी गिटार) जोडीला बसून पहिल्यांदा लोकांसमोर तासभर जॅझची साथ केली. चाळीसेक माणसं होती. हे जमायला मला एकोणीस महिने लागले. सुरुवातीला मी खूप शोधलं, पण खेड्यात राहून हे कसं शिकायचं हे आपल्या भाषेत लिहिलेलं मला काही सापडलं नाही. म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहून ठेवते, खर्चासकट आणि अर्जांसकट.

मी वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती महामार्गापासून नऊ किलोमीटर आत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरी संत्र्याची बाग आणि थोडा कापूस. गिटार डी.एड.च्या वेळी होस्टेलवर हाती आली, ती हिंदी गाण्यांच्या चार कॉर्ड्सपुरती (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर). जॅझ कानावर पडलं ते फार पुढं, कोरोनाच्या टाळेबंदीत, मोबाइलवर. जिम हॉल नावाच्या गिटारवादकाची १९६२ सालची बिल एव्हान्सच्या पियानोबरोबरची जुगलबंदी ऐकली. त्यात पियानो सोलो घेत असताना गिटार जे करते त्यानं मी वेडी झाले. ती पुढं येत नाही, पण तिच्यावाचून सगळं कोसळेल असं वाटतं. मला तेच यायला हवं होतं. सोलो नाही, साथ.

९ जुलै २०२३ च्या रविवारी मैत्रिणीच्या भावानं नागपूरला बोलावलं. तो अल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि त्याच्या ओळखीचा एक जण बेस गिटार. मी हौसेनं गेले. ब्लूज, म्हणजे जॅझमधला एक साधा साचा, वाजवायचं ठरलं, बारा बारचं (बार म्हणजे इथं चार मात्रांचा तुकडा), सोपं. मी प्रत्येक कॉर्ड सहाही तारांवर एक बोट आडवं दाबून, चारही मात्रांवर, जोरात वाजवत राहिले. दहा मिनिटांनी बेसवाला शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या वरच्या दोन जाड तारा माझ्या सुरांवर बसून राहिल्यात. मी काय वाजवतो ते मलाच ऐकू येत नाही." सॅक्सोफोनवाला काही बोलला नाही, पण त्यानं सोलो अर्ध्यात सोडला होता. परतीच्या एसटीत गिटार मांडीवर उभी धरून बसले होते. कोंढाळीपर्यंत रडू आवरलं, पुढं नाही आवरलं.

पुढचे तीन आठवडे शिकवणारं माणूस शोधण्यात गेले. नागपुरात गिटारचे क्लास पुष्कळ, पण सोमवार ते शनिवार शाळा असल्यावर रविवारी जाऊन-येऊन चार तास प्रवास, तोही दर आठवड्याला, मला शक्य नव्हता. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीतून मडगावचे एक सर मिळाले. वय सत्तरीपार. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवलेले. पंचेचाळीस मिनिटांच्या ऑनलाइन तासाचे ७०० रुपये, महिन्यातून दोन रविवार. पहिला तास ६ ऑगस्टला झाला.

ऑनलाइन शिकणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. व्हिडिओ कॉलवर दोघांना एकत्र वाजवता येत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात लय मोडते. पहिले दोन तास आमचे त्यातच गेले. मग सरांनी पद्धत बदलली. ते बेस आणि ड्रम्सचा ट्रॅक पाठवायचे. मी एका कानात इअरफोन घालून त्यावर वाजवायची, दुसऱ्या मोबाइलवर फक्त माझी गिटार रेकॉर्ड करून पाठवायची, आणि तासाला त्या रेकॉर्डिंगवर बोलणं व्हायचं. गावात नेटवर्क गच्चीवरच येतं, त्यामुळे पावसाळ्यात एक तास छत्रीखाली झाला.

सरांनी सुरुवातीला माझ्याकडून काढूनच घेतलं. सहाऐवजी तीन तारा. कॉर्डचा मूळ सूर आणि त्याच्यापासून मोजलेला तिसरा आणि सातवा, बस. पाचवा सूर सोडून दे, तो सोडल्यानं कॉर्डची ओळख बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही जॅझमध्ये पावलोपावली भेटणारी तिकडी दिली. (तारा बारीककडून जाडकडे मोजतात, सहावी सगळ्यांत जाड; पडदा म्हणजे मानेवरच्या दोन पट्ट्यांमधली जागा.) डी मायनरला पाचव्या तारेचा पाचवा पडदा, चौथ्या तारेचा तिसरा, तिसऱ्या तारेचा पाचवा. जी सेव्हनला सहाव्या तारेचा तिसरा, चौथ्या तारेचा तिसरा, तिसऱ्या तारेचा चौथा. सी मेजरला पाचव्या तारेचा तिसरा, चौथ्या तारेचा दुसरा, तिसऱ्या तारेचा चौथा.

आता चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडेच बघा. पहिल्या बदलाला चौथ्या तारेवरचा सूर जागचा हलत नाही, तिसऱ्या तारेवरचा एकच पडदा मागं येतो. दुसऱ्या बदलाला तिसऱ्या तारेवरचा थांबतो, चौथ्यावरचा एक पडदा मागं येतो. म्हणजे तीन कॉर्ड बदलल्या आणि आतल्या दोन सुरांनी मिळून दोनच पावलं टाकली. मी इतकी वर्षं हात गिटारभर पळवत होते आणि सगळी गंमत त्या दोन तारांवर, दोन बोटांत होती. हे ज्या रात्री कळलं त्या रात्री मी जेवण गरम करायचंसुद्धा विसरले.

सरावाची वेळ शेतीच्या लाइननं ठरवली. आमच्याकडे पंपाची थ्री फेज लाइन आठवडा-आठवड्यानं दिवसा आणि रात्री येते. रात्रीची असली की नवरा ओलितासाठी बागेत जातो आणि घर शांत असतं. दहा ते अकरा मी वाजवायची. पुढं अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) घेतल्यावर, घरची वीज गेली तर तो बंद, मग अंधारात नुसत्या लाकडाच्या आवाजावर. तो सराव जास्त कामी आला. दिसत नसलं की बोटं पडद्यांची अंतरं स्वतः मोजायला लागतात.

ऑक्टोबरमध्ये सरांनी मूळ सूरही काढून टाकायला लावला. बेसवाला तो वाजवणारच आहे, मग तू कशाला? राहिले दोन सूर. ब्लूजसाठी त्यांनी जे दाखवलं ते मी इथं मुद्दाम देते, कारण यानं धीर येतो. एफचं ब्लूज घ्या. एफ सेव्हनसाठी चौथ्या तारेचा सातवा पडदा आणि तिसऱ्या तारेचा आठवा. बी फ्लॅट सेव्हन हवा तर हाच आकार एक पडदा मागं. सी सेव्हन हवा तर मूळ जागेपासून एक पडदा पुढं. झालं, साध्या ब्लूजचे बाराही बार या तीन जागांत बसतात. एकटीनं वाजवलं तर पोकळ वाटतं. खाली बेसचा ट्रॅक लावला की तेच दोन सूर भरून येतात.

लयीचं मात्र असं एका रात्रीत उमगलं नाही. मेट्रोनोमचा, म्हणजे ठरलेल्या गतीनं ठोके देणाऱ्या साधनाचा, ठोका एक आणि तीनवर नाही, दोन आणि चारवर ऐकायचा. म्हणजे मोबाइलवर निम्मी गती लावायची आणि पडणारा प्रत्येक ठोका 'दोन' किंवा 'चार' समजायचा. चार दिवस मला तो 'एक'च ऐकू येत होता. मग शाळेला जाताना दीड किलोमीटर पायी जायला लागले. डावा पाय मनातला एक, उजव्या पायाला चुटकी. वेचणीला निघालेल्या बाया विचारायच्या, "मॅडम, का मोजून राह्यल्या?" खरंच मोजत होते. तीन आठवड्यांनी ठोका जागेवर बसला.

त्याच काळात सरांनी फ्रेडी ग्रीन हा अमेरिकन गिटारवादक ऐकायला लावला. पियानोवादक काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत या माणसानं पन्नास वर्षं साथ केली. सोलो जवळजवळ नाहीच. बारच्या चारही मात्रांवर एकेक ठोका, बहुतेक वेळा अँपशिवाय. नीट कान दिला तर त्याच्या अख्ख्या कॉर्डमधला एखाद-दुसराच सूर ऐकू येतो, बाकीच्या तारा नुसत्या बोटांखाली दबलेल्या. चार मात्रा मीही वाजवत होतेच की! फरक एवढाच की प्रत्येक ठोका वाजल्यावर त्याचा डावा हात लगेच सैल होतो आणि आवाज तुटतो. माझा आवाज लोंबत राहायचा. पुढचा दीड महिना मी फक्त डावा हात सोडायला शिकले. त्यानंतर चार्ल्स्टन नावाचा ठेका, पहिली मात्रा आणि दुसऱ्या मात्रेच्या नंतरचा अर्धा. दोनच ठोके, बाकी बार मोकळा. तो मोकळा बार सहन करणं मला सगळ्यांत जड गेलं.

डिसेंबरात मी चूक केली. इंटरनेटवर 'ड्रॉप टू' नावाच्या, चार सुरांच्या कॉर्ड-आकारांचे तक्ते सापडले आणि सरांना न सांगता रोज दोन-दोन तास ते घोटायला लागले. जुन्या गिटारच्या तारा पडद्यांपासून फार उंच होत्या, जोर लावावा लागे. संक्रांतीच्या आसपास डावं मनगट असं दुखायला लागलं की फळ्यावर लिहिताना डाव्या हातात पुस्तक धरवेना. अस्थिरोगतज्ज्ञांनी तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. तपासणी, औषधं आणि पट्टा मिळून १,६०० रुपये. सर एवढंच म्हणाले, "आता हात बांधलाय, तर कान उघड." दुखलं तर थांबा. अंगावर काढू नका. तीन आठवड्यांचे तीन महिने होऊ शकतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून जुनी, अर्धपोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार घेतली, २१,५०० ला. छोटा अँप ६,८००. गुळगुळीत गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा १,९००. त्यानं आवाज गोल होतो आणि बोटं सरकताना करकर येत नाही. तारांची उंची आणि मान नीट करून घ्यायचे ९००. हे शेवटचे ९०० आधीच्या गिटारवर खर्च केले असते तर मनगट वाचलं असतं. गिटार नवी घ्यायची घाई करू नका, आहे तीच आधी कारागिराकडून नीट करून घ्या. प्रवासाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा मला फार आधार झाला.

मग मे आला. आपल्याकडचा मे म्हणजे पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश आणि हवेत ओलाव्याचं नाव नाही. गिटारच्या मानेचं लाकूड आक्रसलं आणि पडद्यांच्या पट्ट्यांची टोकं कडेला बोचायला लागली. त्यावर उपाय म्हणजे साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी गिटारच्या पेटीत ठेवायची. दोन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करायचा. कूलरच्या झोतासमोर गिटार उघडी ठेवू नका. बाहेर कोरडं, झोतात दमट, या ये-जा करण्यानं सूर दिवसातून चारदा उतरतात.

या सुट्टीतच माझी खरी शिकवणी झाली, आणि ती घरातच. मामंजी चाळीस वर्षांपासून भजनी मंडळात पेटीवर बसतात. राष्ट्रसंतांची खंजिरी भजनं, अभंग, सगळं. मी ओसरीवर ट्रॅक लावून वाजवत होते, ट्रॅकमध्ये एक सॅक्सोफोन सोलो होता. ते खाटेवरून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, गाणाऱ्याले दम त घेऊ दे."

मी म्हटलं, "मामंजी, हे गाणं नाही, वाजवणं आहे."

"फुकून वाजवते ना थो? मंग दम त लागनच."

त्यांना जॅझ माहीत नाही. पण सॅक्सोफोनवाला फुंकतो, तो श्वासाला थांबतो, आणि तो थांबतो तिथंच साथीनं बोलायचं असतं, हे त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं. मी नेमकी त्याच्या वाक्यावर वाजवत होते आणि तो थांबला की मीही थांबत होते. पुढचे पाच गुरुवार मी मंडळात त्यांच्या शेजारी नुसती बसले. बुवा ओळ टाकतात तेव्हा मामंजींचा भाता जेमतेम हलतो. ओळ संपली की दोन-तीन सुरांचा तुकडा येतो, तोही बुवांनी नुकताच घेतलेला. बुवांनी तान उचलली की पेटी खाली उतरते. बुवा चढायला लागले की ते आधीच ओळखतात. कसं, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यायच्या मानेकडं पाह्यत असतो मी. बोटाकडं कायले पाहू?"

मी जूनमध्ये वहीकडे आणि बोटांकडे बघणं बंद केलं. म्हणजे आधी चार रचना आणि त्यांचे बत्तीस बार पाठ केले, गुणगुणत, गिटारशिवाय. बत्तीस बारमध्ये बहुतेक ठिकाणी आठ-आठचे चार भाग असतात, पहिला, दुसरा आणि चौथा सारखे, तिसरा वेगळा. त्या तिसऱ्या भागात मी कायम हरवायची. मूळ चाल मनात म्हणत राहिलं की हरवत नाही, हा सरांचा सल्ला शंभर टक्के खरा निघाला.

सप्टेंबर २०२४ मध्ये धीर करून त्याच दोघांना फोन केला. तालमीची खोली तासाला ३५० रुपये. पहिल्या दिवशी वीस मिनिटं वाया गेली ती सुरांच्या नावांत. सॅक्सोफोनवाला म्हणाला "डी", मी डीमध्ये सुरू केलं आणि भयंकर ऐकू आलं. अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावरचा सी हा प्रत्यक्षात आपला ई फ्लॅट असतो, तसा त्याचा डी म्हणजे आपला एफ. आधीच विचारून घ्यावं, "तुमच्या कागदावरचा की गिटारचा?" त्यानंतर मी चौथ्या-तिसऱ्या तारेवरचे माझे दोन सूर धरले. कोणी काहीच बोललं नाही, वाजवत राहिले. तो सोलो त्यानं शेवटपर्यंत नेला.

फेब्रुवारीत नागपुरात एका छोट्या जागी कार्यक्रम करायचं त्यांनी ठरवलं, तिकीट लावून. आता आमच्या नोकरीचा भाग. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम लागू असतात. मी मानधन घेणार नव्हते, तरी तिकिटाचा कार्यक्रम म्हटल्यावर लेखी परवानगी हाती असलेली बरी, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. लगेच अर्ज करता आला नाही, कारण विधानसभेची निवडणूक आली. दोन प्रशिक्षणं, १९ नोव्हेंबरला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला मतदान, साहित्य जमा करून घरी यायला पहाट झाली. महिनाभर गिटारला धड हात लागला नाही.

४ डिसेंबरला अर्ज दिला, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि मग वरच्या कार्यालयात. सोबत आयोजकांचं पत्र. आठ दिवसांनी अर्ज परत आला. कारण, पत्रात 'मानधन देण्यात येणार नाही' हे वाक्य नव्हतं. नवीन पत्र घेतलं, स्वतःचं हमीपत्र जोडलं, कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर असल्याचं स्पष्ट लिहिलं. २७ डिसेंबरला परवानगी हातात आली. कोणाला असा अर्ज करायचा असेल तर या तिन्ही गोष्टी पहिल्याच खेपेला घाला, तीन प्रती काढा, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. चौकशीला गेलं की पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतात.

जानेवारीत चार तालमी झाल्या. सप्टेंबरपासूनच्या धरून सहा, दोन-दोन तासांच्या, म्हणजे ४,२०० रुपये. सरांचे एकूण ३१ तास झाले, २१,७००. एसटी आणि रिक्षा साधारण ३,०००. सगळं मिळून ६१,६०० च्या घरात गेलं. त्यातला निम्मा खर्च वस्तूंचा आहे आणि तो पहिल्या सहा महिन्यांत अजिबात लागत नाही.

आठ तारखेला साडेसातला सुरू झालं. पहिल्या रचनेत माझे हात थंड होते, लय किंचित पुढं पळाली, बेसवाल्यानं डोळ्यानं खुणावलं आणि मी चार्ल्स्टनवरून चार मात्रांवर आले, तेव्हा सावरलं. तिसरी रचना संथ होती. सॅक्सोफोनवाल्यानं सोलोत एकदम खालचे सूर घेतले, अगदी हळू, कुजबुजल्यासारखे. मी त्याच्या मानेकडे बघत होते. हात तारांवर ठेवला आणि वाजवलंच नाही. आठ बार. खाली फक्त बेस. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी त्यानं श्वास घेतला तेव्हा दोन सूर दिले आणि पुन्हा थांबले. त्यानं तिथून जी ओळ उचलली ती तालमीत कधीच आली नव्हती.

रात्री मैत्रिणीकडे राहिले, रविवारी दुपारी घरी. संध्याकाळी मामंजींना मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकवलं. पूर्ण तासभर त्यांनी ऐकलं, मध्ये एकदाच थांबवायला लावून तिसरी रचना मागं घ्यायला सांगितली. आठ बार ऐकले. "इथं थांबली थे बरं केलं, बाई," म्हणाले आणि फोन परत दिला.

२२ मार्चला पुन्हा बोलावलंय. या वेळी एक वेगवान रचना आहे, मिनिटाला दोनशे मात्रांची. मी एकशेवीसवर आहे. रोज चार-चारनं वाढवते. अर्ज १२ फेब्रुवारीलाच दिला, तिन्ही गोष्टींसह, आणि पोच पाकिटात आहे.